तयार लाँगबोर्ड निवडताना आणि तो आपल्या वजनाला जुळवून घेताना

फळी, ट्रक (फळीला बसवलेला, चाके धरणारा आणि आपण झुकल्यावर वळणारा धातूचा भाग), चाके, बेअरिंग आणि बोल्ट असे सगळे जोडून मिळणारा लाँगबोर्ड, म्हणजे लांब स्केटबोर्ड, ज्याला या खेळातली मंडळी ‘कम्प्लीट’ म्हणतात, तोच नव्याने शिकणाऱ्याने घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. सुटे भाग निवडून बोर्ड बांधायचा तर आपल्याला कशी वळणे आवडतात, फळी किती ताठ लागते आणि चाक किती मऊ हवे हे आधी ठाऊक असावे लागते, आणि ते काही काळ बोर्ड चालवल्याशिवाय कळत नाही. तरीही तयार बोर्ड खोक्यातून काढून तसाच रस्त्यावर नेऊ नये. कारखान्यात तो मध्यम वजनाच्या माणसाला गृहीत धरून जुळवलेला असतो. पन्नास किलोच्या मुलीला जो ताठ वाटतो तोच बोर्ड नव्वद किलोच्या माणसाला ढिला वाटतो. म्हणून माझा आग्रह असा की, विकत घेताना जे पुढे बदलता येत नाही ते बारकाईने पाहावे, आणि बोर्ड हातात आल्यावर जे बदलता येते ते आपल्या शरीराला जुळवून घ्यावे.

पुढे फारशी बदलता न येणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे फळीची जमिनीपासूनची उंची. निवड करताना नजर आधी फळीवरच्या चित्राकडे जाते, मग आकाराकडे. पण रोजच्या चालवण्यात पायांना जाणवते ती उंची. एका पायाने जमीन ढकलताना बोर्डवर उभ्या असलेल्या पायाचा गुडघा प्रत्येक वेळी वाकवावा लागतो, आणि फळी जितकी उंच तितका तो जास्त वाकतो. थोड्या अंतरात हा फरक लक्षात येत नाही, मात्र चार-पाच किलोमीटर गेल्यावर उभ्या पायाची मांडी भरून येऊ लागते. जमिनीवर तळवा घासून वेग कमी करणे, म्हणजे फुटब्रेक, हेदेखील खालच्या फळीवरून लवकर जमते, कारण तोल न जाता पाय जमिनीला टेकवता येतो.

उंची ठरते ती ट्रक फळीला कसे बसवले आहेत यावरून. ‘टॉप-माउंट’ रचनेत ते सरळ फळीच्या खाली असतात. फळी उंच राहते, पण त्यामुळेच शरीर झुकवल्याचा जोर ट्रकवर चांगला पडतो आणि वळणे खोल व जिवंत होतात. ‘ड्रॉप-थ्रू’ रचनेत फळीच्या दोन्ही टोकांना आरपार खाच असते, ट्रकची बेसप्लेट, म्हणजे फळीला बोल्टांनी जोडली जाणारी त्याची पाटी, फळीच्या वर बसते आणि बाकीचा ट्रक खाली राहतो, त्यामुळे फळी तिच्या जाडीपेक्षा थोडी अधिकच खाली येते. ‘ड्रॉप-प्लॅटफॉर्म’मध्ये फळीचा मधला भागच खाली वाकवलेला असतो, आणि या दोन्ही युक्त्या एकत्र केल्या की ‘डबल ड्रॉप’ होतो, जो सर्वांत बुटका. कामाच्या ठिकाणी जाणे-येणे किंवा लांब फेरफटका हा हेतू असेल तर मी निःसंकोच ड्रॉप-थ्रू सुचवतो. उतारावर डावी-उजवीकडे वळत, लाटेवर स्वार झाल्याच्या डौलाने उतरणे हेच ज्याला हवे आहे, त्याने मात्र टोकाकडे निमुळता होत जाणारा टॉप-माउंट ‘पिनटेल’ घ्यावा. त्याच्या उंचीची किंमत त्या वळणांत वसूल होते.

लांबीबद्दल फार गैरसमज आहेत. चालकाच्या उंचीवरून बोर्डची लांबी ठरवणारे तक्ते सर्रास दिसतात, पण माझ्या मते त्यांना फारसा अर्थ नाही. वळणाचा घेर ठरतो तो दोन ट्रकमधल्या अंतरावरून, ज्याला व्हीलबेस म्हणतात. ते अंतर वाढले की बोर्ड स्थिर होतो आणि त्याला वळायला जास्त जागा लागते. कमी झाले की तो चपळ होतो. ३६ ते ४२ इंचांचा बोर्ड बहुतेक सगळ्यांना सुरुवातीला पुरतो. त्यापेक्षा रुंदीकडे लक्ष द्यावे. मोठ्या पावलांच्या माणसाला ९ इंचांहून अरुंद फळीवर टाच आणि चवडा दोन्ही बाहेर आल्यासारखे वाटते, तर लहान पावलांच्या चालकाला दहा इंचांच्या फळीवर कडेपर्यंत जोर पोहोचवता येत नाही.

फळीची लवचीकता हीदेखील कायमची गोष्ट आहे. मेपलच्या सात ते नऊ पातळ थरांची फळी ताठ असते आणि वेगात विश्वास देते. बांबू आणि फायबरग्लास यांची फळी स्प्रिंगसारखी दबते आणि खडबडीत रस्त्याची थरथर पायांपर्यंत येऊ देत नाही. बऱ्याच लवचीक फळ्यांना मध्यभागी वरच्या बाजूला हलका बाक दिलेला असतो, त्याला कॅम्बर म्हणतात. दोन्ही पाय दोन ट्रकच्या मधल्या भागावर ठेवून, गुडघे किंचित वाकवून हलकेच दाब द्यावा: बाक सपाट होऊन फळी परत वर आली तर ती आपल्या वजनाला योग्य आहे, आणि ती खाली झोळ देऊन तशीच राहिली तर जास्त ताठ फळी पाहावी. निर्माते एकाच बोर्डचे दोन-तीन ताठपणे देतात तेव्हा वजनाचा जो पल्ला छापलेला असतो तो प्रामाणिकपणे पाळावा.

ट्रकच्या बाबतीत बहुतेक कम्प्लीट बोर्डवर ‘रिव्हर्स किंगपिन’ प्रकार असतो. किंगपिन म्हणजे ट्रकची बेसप्लेट आणि ॲक्सल (चाकांचा आस) धरणारा हँगर यांना एकत्र बांधणारा जाड बोल्ट. या प्रकारात तो बोर्डच्या बाहेरच्या टोकांकडे रोखलेला असतो, आणि नेहमीच्या छोट्या स्केटबोर्डवर तो आतल्या बाजूला असतो. १८० मिलिमीटर हँगरचा ट्रक साधारण १० इंच रुंदीच्या फळीला आणि १५० मिलिमीटरचा साधारण ९ इंचांच्या फळीला शोभतो. बेसप्लेटचा कोन ५० अंशांच्या आसपास असला की थोडे झुकूनही भरपूर वळता येते. ४५ अंश किंवा त्याहून कमी कोन वेगाने उतरणाऱ्यांसाठी असतो.

चाकांविषयी थोडक्यात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी पॉलियुरेथेनची चाके स्केटबोर्डसाठी बाजारात आणली आणि त्याआधीची धातूची व मातीच्या मिश्रणाची, प्रत्येक खड्यावर अडणारी चाके मागे पडली; लाँगबोर्डवर लांब जाणे आज सुखाचे आहे ते त्या बदलामुळे. ७० मिलिमीटर व्यासाचे, ७८ए ते ८०ए कठीणपणाचे चाक साध्या डांबरी रस्त्यावर नवशिक्याला उत्तम. ‘ए’ हा कठीणपणा मोजण्याच्या मापाचा भाग आहे आणि आकडा जितका लहान तितके युरेथेन मऊ.

बेअरिंगच्या जाहिरातीतला ‘एबीईसी’ आकडा मात्र निवडीचा आधार करू नये. ही १, ३, ५, ७, ९ अशी श्रेणी बेअरिंगच्या मापांतील अचूकता सांगते. गोळ्या कशाच्या आहेत, वंगण कसे आहे, धूळ आत शिरणार नाही असे झाकण आहे का, आणि वळताना बाजूने येणारा जोर ते किती सोसेल, यांपैकी काहीही ती सांगत नाही. स्केटबोर्डची जवळजवळ सगळी बेअरिंग ६०८ मापाची, म्हणजे ८ मिलिमीटर भोकाची आणि २२ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची असल्यामुळे ती हवी तेव्हा बदलता येतात. चाक हाताने फिरवून ते किती वेळ फिरते यावरून बेअरिंगची पारख करण्याची पद्धतही सोडून द्यावी, कारण अंगाचा भार नसताना फिरणारे चाक भाराखाली कसे वागेल हे त्यातून कळत नाही.

आता जुळवणीकडे येऊ. हाताशी स्केट टूल असले की पुरते, कारण त्यात तिन्ही मापांचे पाने असतात: किंगपिनच्या नटासाठी ९/१६ इंच, ॲक्सलच्या नटासाठी १/२ इंच आणि फळीच्या बोल्टांच्या नटांसाठी ३/८ इंच. सर्वप्रथम ट्रकची दिशा तपासावी. रिव्हर्स किंगपिनचे दोन्ही किंगपिन बाहेर, टोकांकडे दिसले पाहिजेत. ट्रक उलटे बसले असतील तर उजवीकडे झुकल्यावर बोर्ड डावीकडे जातो, आणि हे चालत्या बोर्डवर कळणे धोक्याचे आहे. मग फळीचे आठही बोल्ट समोरासमोरच्या कोपऱ्यांतून आळीपाळीने आवळावेत. बोल्टाचे डोके लाकडात रुतू लागले की थांबावे, कारण त्यापुढचा जोर फळीच्या थरांना चिरडतो.

यानंतर येतात बुशिंग, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या जुळवणीचे मर्म इथे आहे. प्रत्येक ट्रकमध्ये किंगपिनभोवती युरेथेनची दोन बुशिंग असतात, एक फळीच्या बाजूचे आणि एक रस्त्याच्या बाजूचे. आपण झुकतो तेव्हा हीच दबतात आणि सरळ उभे राहिलो की हीच हँगरला मध्यावर परत आणतात. म्हणजे बोर्ड वळतो कसा आणि सरळ राहतो कसा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या चार छोट्या तुकड्यांत आहेत, आणि सगळ्या बोर्डमध्ये सर्वांत स्वस्तात बदलता येणारा भागही तोच. तरीही लोक चाके आणि बेअरिंग बदलत बसतात याचे मला खरोखर वाईट वाटते.

सुरुवातीला किंगपिनचा नट एवढाच आवळावा की बुशिंगवरचा वॉशर बोटांनी सहज फिरणार नाही. मग बोर्डवर उभे राहून दोन्ही बाजूंना झुकून पाहावे आणि पाव-पाव फेरा घट्ट किंवा ढिला करत जावे. दर वेळी दोन्ही ट्रकवर सारखाच बदल करावा म्हणजे कशाचा परिणाम काय झाला ते कळते. नट आवळताना बुशिंग पिंपासारखे फुगू लागले तर थांबावे. त्याचा अर्थ असा की आपल्या वजनाला ते मऊ पडते आहे आणि आपण नटाच्या जोरावर त्याच्याकडून कठीणपणा उसना घेत आहोत. असा बोर्ड मध्यावर ताठ वाटतो, वळणात अडखळतो आणि त्याचे परत येणेही मंदावते. कठीण बुशिंग घेऊन नट सैल ठेवला तर तोच चालक निर्धास्तपणे वळतो. याउलट नट वॉशरला जेमतेम टेकेल इतका सैल करूनही बोर्ड वळायला तयार नसेल तर मऊ बुशिंग हवे. नट मात्र कधीही इतका सैल करू नये की त्याच्या आतल्या नायलॉनच्या कड्यातून किंगपिनचे आटे बाहेर दिसणार नाहीत, कारण तो नट रस्त्यात सुटू शकतो.

किती कठीण घ्यावे याचा ढोबळ अंदाज असा सांगता येईल: साठ किलोंच्या आतल्या चालकाला ८० ते ८३ए, सत्तर-ऐंशी किलोंच्या चालकाला ८५ ते ८८ए आणि त्याहून जड चालकाला ९०एच्या पुढे. आकाराचाही भाग आहे. सरळ दंडगोल ‘बॅरल’ स्थिरता देतो आणि निमुळता ‘कोन’ झुकायला मोकळीक देतो. म्हणून फळीच्या बाजूला बॅरल आणि रस्त्याच्या बाजूला कोन ही जोडी फेरफटक्यासाठी मला सर्वांत समतोल वाटते. वेगात बोर्ड डावी-उजवीकडे थरथरू लागतो तो प्रकार बहुधा मागच्या ट्रकमधून वाढत जातो, त्यामुळे मागची बुशिंग पुढच्यापेक्षा थोडी कठीण ठेवणे आणि वजन पुढच्या पायावर थोडे अधिक देणे, हे दोन्ही उपयोगी पडतात.

बुशिंग जुळली की लगेच एक तपासणी करावी, विशेषतः टॉप-माउंट बोर्डवर. गवतावर किंवा सतरंजीवर बोर्ड ठेवून त्यावर उभे राहावे, एका बाजूला पूर्ण झुकावे आणि दुसऱ्या कोणाला तरी चाक व फळी यांमधली फट पाहायला सांगावी. चाक फळीला टेकत असेल तर चालत्या बोर्डवर ते त्याच क्षणी अडेल आणि चालक पुढे फेकला जाईल. उपाय म्हणजे १/८ किंवा १/४ इंचाचे रायझर, म्हणजे उंची वाढवणारे सपाट तुकडे, ट्रक आणि फळी यांच्यामध्ये घालणे, आणि जाडी वाढली म्हणून तितकेच लांब बोल्ट वापरणे; लहान चाक किंवा कठीण बुशिंग हेही मार्ग आहेत.

शेवटी ॲक्सलचे नट. चाकातल्या दोन बेअरिंगच्या मध्ये ८ मिलिमीटर भोकाचा, १० मिलिमीटर लांबीचा स्पेसर, म्हणजे बेअरिंगमधले अंतर राखणारी छोटी नळी, आहे का हे चाक काढून पाहावे. स्पेसर असेल तर नट व्यवस्थित आवळता येतो आणि तो जोर स्पेसर पेलतो. स्पेसर नसेल तर नट चाक अडेपर्यंत आवळून मग किंचित मागे घ्यावा, म्हणजे चाक बाजूला अगदी थोडेसे हलेल पण खडखडणार नाही.

पहिल्या फेरीला रिकामी, सपाट जागा घ्यावी आणि डोक्यावर हेल्मेट हवेच, शक्यतो एएसटीएम एफ१४९२ किंवा ईएन १०७८ या मानकाचे. कोणता पाय पुढे ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. दोन्हींत कमीजास्त काही नाही. मात्र उतारावर जाण्याआधी फुटब्रेक सहज जमला पाहिजे, कारण वेग घेणे कोणालाही जमते आणि तो उतरवणे शिकावे लागते. नवे लाकूड बोल्टांखाली दबते आणि नवी बुशिंग थोडी सैलावतात, त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांनंतर सगळे नट पुन्हा पाहावेत. बोर्ड पाण्यातून गेला असेल तर बेअरिंग काढून, झाकणे उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन पूर्ण वाळवावीत आणि प्रत्येकात हलक्या तेलाचे एक-दोन थेंब सोडून मगच ती चाकांत परत बसवावीत.