पाच डॉलरचं कार्ड

न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर कुठल्याही देशी दुकानात शिरा, काउंटरवर परदेशी फोन लावायची प्रीपेड कॉलिंग कार्डं मांडलेली असायचीच. ताजमहाल, वाघ, तिरंगा, असली चित्रं. पाच डॉलर रोख टेकवले की काम झालं. नाव नाही, पत्ता नाही, सही नाही. नाण्यानं रुपेरी पट्टी खरवडायची, ती राखाडी भुकटी नखात अडकायची आणि खालून पिन निघायचा. मग टोल-फ्री नंबर, मग पिन, मग ०११-९१ आणि मग एकदाचं घर. मध्येच एक बाई किती मिनिटं उरली ते सांगायची. तिच्यावर विश्वास ठेवणारा नवखा समजावा.

मला मात्र अप्रूप होतं ते खासगीपणाचं. आपल्याकडे एसटीडी बूथला काचेची केबिन असे खरी, पण मीटरचे लाल आकडे अख्ख्या रांगेला दिसत. बाहेर येताच छोटा प्रिंटर करकरत पावती काढी, तिच्यावर लावलेला नंबर ठसठशीत. बूथवाल्या काकांनी तो वाचला नसेल तर ते कसले काका! इथं कार्डावरून केलेला इंडियाचा फोन रूममेट्सच्या सामायिक बिलातही येत नसे.

पण हे कार्ड म्हणजे नुसता पुठ्ठा. जपान-फ्रान्समधल्या सार्वजनिक फोनच्या कार्डांत युनिटं कार्डातच भरलेली असत. इथले पैसे कंपनीच्या संगणकात, त्या पिनच्या नावे. मिनिटं कापायची तर कुठून, कुठे, किती वेळ हे टिपणं आलंच. शिवाय टोल-फ्री फोनचे पैसे भरणार कंपनी, त्यामुळे तुमचा नंबर तिला कळतोच. कॉलर आयडी लपवून उपयोग शून्य.

१९९५ च्या एप्रिलमध्ये ओक्लाहोमा सिटीतली सरकारी इमारत ट्रकबाँबनं उडवली गेली, १६८ जीव गेले. तो स्फोट घडवणाऱ्या टिमथी मॅकव्हेनं आधीच्या काळात फोनसाठी असंच प्रीपेड कार्ड वापरलं होतं, तेही ‘डॅरिल ब्रिजेस’ या खोट्या नावानं घेतलेलं. एफबीआयनं वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांतल्या नोंदी जुळवून फोनांची यादी उभी केली. साथीदार टेरी निकोल्सचं घर, ट्रक भाड्यानं देणारं दुकान, सगळं तिच्यात होतं. १९९७ च्या खटल्यात ती यादी पुरावा म्हणून आली. ब्रिजेस नावाचा माणूस शोधायची गरजच पडली नाही. फोन कुणाकुणाला केले, त्यातूनच खरा माणूस दिसत होता.

हे वाचलं आणि माझी यादी कशी दिसली असेल ते डोळ्यांपुढे आलं. दर शनिवारी रात्री दहाला, म्हणजे तिकडे रविवार सकाळ, पहिला फोन कोल्हापूरला: तब्येत, पाऊस, ठेवतो. लगेच दुसरा पुण्याला, कार्ड संपेपर्यंत. मग नवं कार्ड, परत पुणे. आईला कुणकुण लागायच्या कितीतरी आधी माझं लग्न ठरतंय हे त्या कंपनीच्या संगणकाला ठाऊक असणार.