आठ जणांना भिंत मिळते म्हणून आठ : आमची वाटचाल

सांगलीत हळदीच्या अडत दुकानात मी अकरा वर्षं हिशेब लिहिले. खुर्चीत बसून बसून कंबर गेली, गोळ्यांचा कंटाळा आला, म्हणून योगाकडे वळले. पुढे शनिवार-रविवार एसटीनं पुण्याला जाऊन अय्यंगार पद्धतीचं रीतसर शिक्षण घेतलं आणि 2014 साली सांगलीच्या गावभाग या जुन्या वस्तीत एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर वर्ग सुरू केला. शॉप ॲक्टचा अर्ज भरून देणाऱ्यानं विचारलं, “ताई, माल काय ठेवणार?” म्हटलं, सतरंज्या.

पहिली चूक लगेच केली. जेवढी माणसं जास्त तेवढे पैसे जास्त, हा डोक्यात मुरलेला अडतीतला हिशेब. महिना 500 रुपये फी आणि एका वर्गात बावीस जण. मी पुढे उभी राहून आसन करायचे, बाकीचे बघून करायचे. मागच्या रांगेतल्या एक काकू त्रिकोणासनात हात जमिनीला टेकवायचाच या हट्टानं गुडघा आत वळवून वाकत होत्या. मला ते महिन्यानं दिसलं, तेही गुडघा सुजल्यावर. काकूंनी तक्रार केली नाही. “वय झालं गं माझं,” म्हणाल्या आणि यायच्या थांबल्या. आधाराची लाकडी वीट हाताखाली दिली असती तर एवढं झालं नसतं. ही पद्धत घालून देणाऱ्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी पट्टे, विटा, दोर, खुर्च्या आसनांत आणल्या त्या यासाठीच, आणि माझ्या विटा कपाटात होत्या! बावीस जणांना पुरतील एवढ्या नव्हत्याच.

तेव्हापासून एका वर्गात आठच माणसं. आकड्यामागे काही शास्त्र नाही. त्या खोलीत आठ जणांनाच आधाराला भिंतीशी जागा मिळायची. आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, सव्वा तास. पायाभूत मालिका, 3,200 रुपये. निम्मे लोक ‘महाग झालं’ म्हणून गेले. वर्षभर वाड्याचं भाडं नवऱ्याच्या पगारातून गेलं, हे लपवत नाही.

मालिकेचा पहिला दिवस दारातच सुरू होतो. काढलेल्या चपला मी बघून घेते. टाच बाहेरून झिजलेली असेल तर ताडासनात, म्हणजे नुसतं ताठ उभं राहताना, त्या माणसाचा भार कुठे जाणार ते साधारण कळतं. मग दंडासन. पाय लांब करून ताठ बसायचं, एवढंच. निम्म्या लोकांची कंबर मागे ढळते, पाठीला पोक येतो, कारण मांड्यांच्या मागचे स्नायू आखडलेले. बैठकीखाली सोलापुरी चादरीची घडी सरकवली की पाठ आपोआप उभी राहते. एक घडी, कुणाला दोन, एका बँकेतल्या साहेबांना चार लागल्या. उंच बसण्यात कमीपणा नाही, हे त्यांच्या गळी उतरवायला मात्र तीन वर्ग गेले.

‘स्थिरसुखमासनम्’ हे पतंजलींचं सूत्र पाठ करून येणारे पुष्कळ. स्थिर होणं दात-ओठ खाऊन जमतं. सुख यायला पाचवा-सहावा आठवडा उजाडतो. शीर्षासन या मालिकेत नाही, श्वास रोखणंही नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत फक्त आडवं पडून श्वासाकडे बघायचं. “एवढंच?” असं दर मालिकेत कुणीतरी विचारतंच.

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं 57 फूट गाठले आणि वर्ग पाण्यात गेला. पाणी ओसरल्यावर दार ढकललं तर उघडेना. मागे गाळात बसलेल्या चादरींचा ढीग होता. पट्ट्यांची बक्कलं गंजली, लाकडी विटा तडकल्या. त्या मालिकेतले आठही जण आले. चादरी वाटून घरी नेल्या आणि कुणी मशीनला, कुणी मोरीत आपटून धुऊन आणल्या. हळदीचा पिवळा डाग पडलेली एक चादर परत आली, ती कुणाच्या घरून आली ते अजून कुणी सांगत नाही.

नंतर सांगलीतल्याच विश्रामबाग भागात पहिल्या मजल्यावर आलो. मुद्दाम पहिला मजला. लॉकडाउनमध्ये मोबाइलवर शिकवलं. पाय दिसले तर डोकं दिसेना, पण माणसं आठच असल्यानं निभावलं.

आज तीन मालिका चालतात. एक जुनी विद्यार्थिनीच आता शिकवते. जीएसटीच्या 20 लाखांच्या मर्यादेच्या आम्ही आसपासही नाही. मध्यंतरी एका कारखान्यानं 21 जूनला, योगदिनाला, साठ कामगारांसाठी तासभर या म्हणून बोलावलं, पैसेही चांगले देत होते. विचारलं, नंतर कुणी येणार का? तर नाही, फोटो हवे होते. नको म्हटलं. महिनाअखेरीला जरा हळहळले, खोटं कशाला बोलू.

पुढची मालिका दसऱ्यानंतर. सात जागा भरल्यात. त्यातली एक माझ्या जुन्या अडतीतल्या शेठजींची. दिवाळीनंतर नातवाची मुंज आहे आणि त्यांना पंगतीत खाली बसून जेवायचंय. फी पूर्ण घेतली. त्यांनी पावती दोनदा तपासली.