कांद्याचा पापुद्रा, आठवडा तिसरा: पेशी आकसली आणि परत भरली पण!

मंडळी, अखेर जमलं. दोन आठवडे मायक्रोस्कोपखाली मिठाच्या पाण्यात कांद्याच्या पेशी आकसायच्या बरोबर, पण साधं पाणी सोडलं की फुगायच्या ऐवजी जांभळा रंगच बाहेर सांडायचा आणि सगळी स्लाइड फिकट. या रविवारी पहिल्यांदा त्याच पेशी आकसताना आणि परत भरताना सलग बघितल्या.

कांदा बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नाशकात गोदावरीकाठच्या, बाजारातून आणलेला, गडद लाल. सुकी टरफलं काढल्यावर जी पहिली रसाळ पाकळी लागते तिच्या बाहेरच्या अंगाचा पापुद्रा घ्या, रंग तिथं असतो. आतल्या अंगाचा सोलायला सोपा पण बिनरंगी, आकसलेलं काही नीट कळत नाही.

चूक कुठं होत होती तर मी थेट 5 टक्क्यांचं मीठपाणी घालत होतो, म्हणजे 100 मिलीत 5 ग्रॅम. पेशी झपाट्यानं गोळा होतात, बघायला भारी, पण आकसताना पटलाचा, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्याचा, जादा भाग पेशी आत ओढून घेते आणि एकदम साधं पाणी आलं की तो परत जोडायला वेळच मिळत नाही, आणि पटल काही रबर नाही, थोडं जास्त ताणलं की फाटतं. म्हणून यावेळी 1, मग दीड, मग 2 टक्के असं चढत गेलो. 1 ला काहीच नाही, दीडला निम्म्या पेशींचे कोपरे सुटले, 2 ला जवळपास सगळ्या. उतरताना पण तसंच, प्रत्येक पायरीला दहा मिनिटं, कव्हरस्लिपच्या (वर ठेवतो त्या पातळ काचेच्या) एका कडेला थेंब आणि दुसऱ्या कडेला टिश्यू पेपर.

400 पटीवर जे दिसलं ते सांगतो. आधी कोपरे सुटले, मग जांभळा भाग आत वळत वळत गुळगुळीत गोळा झाला, आणि भित्तिका, म्हणजे पटलाबाहेरची पेशीची टणक भिंत, जागच्या जागी, विटांच्या रांगेसारखी. मधली जागा रिकामी नाही बरं का, तिथं मीठपाणी आहे, कारण भित्तिकेतून मीठ आरपार जातं, अडतं ते पटलाशी. मायक्रोस्कोपची खालची डायफ्रॅम (उजेड कमीजास्त करायची झडप) बरीच बंद केली तेव्हा एका पेशीत गोळ्यापासून भित्तिकेपर्यंत ताणलेले बारीक धागे पण दिसले, हेक्टचे धागे म्हणतात त्यांना. भाचीला दाखवलं तर म्हणे, "मामा, हे अजून भिंतीला धरून आहे!" अगदी बरोबर बोलली पोरगी.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, जांभळी कड म्हणजे पटल नव्हे. रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, असतो, तिच्याभोवती पेशीद्रव्याचा पातळ थर आणि त्याच्या बाहेर पटल. ते 7-8 नॅनोमीटर जाड, आणि आपल्या साध्या मायक्रोस्कोपची मर्यादा साधारण 200 नॅनोमीटर. म्हणजे आपण पटल कधीच बघत नाही, त्याचं काम बघतो.

आणि काम काय तर पाणी जाऊ द्यायचं, मीठ अडवायचं. म्हणूनच बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी बाहेर जातं आणि पेशी आकसते. पटल म्हणजे लिपिडचे, म्हणजे चरबीसारख्या रेणूंचे, दोन थर, रेणूंच्या शेपट्या आत तोंड करून, आणि त्या शेपट्यांचं पाण्याशी जमत नाही. सोडियम-क्लोराइडचे आयन विद्युतभारित, भोवती पाणी धरून बसलेले, त्यांना तो तेलकट भाग ओलांडता येत नाही, प्रथिनांची वाट असेल तरच. पाणी थोडं लिपिडमधून सुद्धा जातं, पण भराभर जातं ते अ‍ॅक्वापोरिन नावाच्या प्रथिनांतून, पीटर अ‍ॅग्रे यांना 2003 चं नोबेल त्याच शोधासाठी. दोन थर हे कसं कळलं ते मला फार आवडतं: 1925 साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तातल्या लाल पेशींचं लिपिड काढून पाण्यावर पसरवलं तर क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट भरलं. लिपिड पूर्ण निघालं नव्हतं आणि पेशीचं क्षेत्रफळ पण कमी धरलेलं, दोन्ही चुका एकमेकींत मिटल्या आणि निष्कर्ष बरोबर निघाला.

शेवटी खात्रीसाठी एक पापुद्रा उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवला. रंग पाण्यात उतरला, आणि नंतर 5 टक्के मीठ घातलं तरी एक पेशी आकसली नाही. पटलच मोडलंय तर मीठ अडवणार कोण.

पुढच्या रविवारी मिठाऐवजी साखर. आणि नाशकात कुणाकडे रिओचं झाड असेल, पानाची खालची बाजू जांभळी असते ते, तर एक पान हवंय, येऊन घेऊन जाईन.