मेले की बैठका

शुक्रवार, रात्रीचे पावणेदोन

मांड्या अशा भरून आल्यात की पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाताना भिंत धरावी लागली. कारण एवढंच, की आज मी फार वाईट खेळले.

नियम साधा आहे. व्हॅलोरंटमध्ये (पाच विरुद्ध पाच असा गोळीबाराचा ऑनलाइन गेम) मेले की हेडफोन तसाच ठेवून खुर्चीतून उठायचं आणि पुढच्या राउंडची शस्त्रखरेदी सुरू होईपर्यंत बैठका मारायच्या. राउंड १०० सेकंदांचा. शेवटच्या क्षणी स्पाइक, म्हणजे गेममधला बॉम्ब, लागला तर तो फुटेपर्यंत आणखी ४५. पहिल्याच कोपऱ्यावर डोक्यात गोळी बसली तर दीड-दोन मिनिटं आपल्याला काही कामच नसतं. एरवी या वेळात काय करायचे? उरलेल्यांचा खेळ बघत त्यांना शहाणपण शिकवायचं, नाहीतर मोबाइल उचलून रील्स. शहाणपण अजूनही शिकवते, फक्त धापा टाकत. निनाद (मावसभाऊ, टीममधला सगळ्यात लहान) परवा घाबरून म्हणाला, "ताई, तू रडतेयस का?"

जोर मात्र सामन्यात मारायचे नाहीत. ते करून बघितलंय. दंड आणि मनगटं थरथरतात, माउस स्थिर राहत नाही आणि समोर उभा असलेला माणूससुद्धा चुकतो. त्यामुळे सामना चालू असताना फक्त पाय: बैठका, टाचा उचलणं, किंवा भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं. हातांचं जे काही ते पहिला सामना लावायच्या आधी, पीसी अपडेट ओढत असतो तेव्हा. अपडेट तर रोजच काही ना काही असतं.

सगळ्यात मोठी गोची, टीममध्ये कोणी सेज (गेममधलं एक पात्र) खेळत असलं की. तिच्या अल्टीने, म्हणजे खास शक्तीने, मेलेला गडी परत जिवंत होतो. मी बैठकीत अर्धी खाली, गुडघे वाकलेले, आणि कानात ओरडा, "उठवलं तुला, उठवलं!" खुर्ची चाकांची. मी झेप घेतली, ती मागे गेली. जिवंत झाल्या झाल्या परत मेले. म्हणजे परत बैठका.

लोक सल्ला देतात, "पहाटे लवकर उठ, तळजाई टेकडीवर ये." जे रात्री साडेदहाला झोपतात तेच हे बोलू शकतात. आमचं पाचजणांचं जमतंच रात्री अकराला. एकाची शिफ्ट संपते, एकीचं बाळ झोपतं. दुसरा सल्ला "गेम कमी कर." याला मी सल्ला मानतच नाही. ट्रेकला जाणाऱ्याला कोणी म्हणतं का, की डोंगर कमी कर?

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, वर किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काहीतरी. पूर्वी त्यात एक अट होती, की निदान सलग १० मिनिटं केलं तरच ते धरायचं. २०२० च्या सूचनांत ती अट काढली. माझ्यासारखीला हे मोठंच अभय आहे, कारण माझा सगळा व्यायाम चिल्लरमध्ये आहे. पण नुसत्या बैठकांनी दीडशे मिनिटं भरत नाहीत हेही खरं. श्वास लागतो, तेवढ्यात खरेदी सुरू होते.

चालण्यासाठी पोकेमॉन गो (बाहेर हिंडून प्राणी पकडायचा मोबाइल गेम) परत टाकलंय. २०१६ मध्ये भारतात अधिकृत यायच्या आधीच आम्ही ते कुठून कुठून मिळवून कॉलेजभर हिंडायचो. अंडी तशीच आहेत, २ किलोमीटरची, ५ ची, १० ची; चालल्याशिवाय फुटत नाहीत. स्कूटरवर फोन खिशात ठेवून फसवता येत नाही, वेग जास्त दिसला की ते अंतर धरतच नाही. आईने सांगितलेली कोथिंबीर आणायला मी हल्ली चालत जाते. घरात याचा वेगळाच अर्थ लावला जातोय आणि मी तो खोडून काढत नाही.

मैत्रिणीकडे निन्टेंडोचं रिंग फिट आहे. २०१९ चा गेम, गोल रिंग दाबायची, मांडीला पट्टा, जागेवर पळत राक्षस मारायचे. घाम निघतो, मजा येते. तिच्या खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर आल्या, तेव्हा कळलं की त्यात पळण्याऐवजी गुडघे वाकवून पुढे जायचा शांत मोडही आहे. म्हणजे फिरून फिरून बैठकाच.

माझ्या नियमात एक भोक आहे. चांगलं खेळलं की व्यायाम होत नाही. मंगळवारी मी टीममध्ये पहिली होते, १३-४ ने जिंकलो, आणि दिवसभराचा हिशोब काय तर ऑफिस ते पार्किंग. आता टीममधले सगळेच बैठका मारायला लागलेत, निनाद सोडून. तो म्हणतो, "मी मरतच नाही." म्हणून मी ठराव मांडलाय: हाफटाइमला बाजू बदलताना ज्याचे किल्स सगळ्यात जास्त, त्याच्याही दहा. उद्या मतदान. चार विरुद्ध एक होणार हे त्यालाही ठाऊक आहे. आत्ताच मेसेज आलाय की त्याचा गुडघा दुखतोय.