हर्णैत दोन रात्री

मुरूड-कर्द्याला मुक्काम करायचा, संध्याकाळी हर्णैला येऊन मासळी घ्यायची आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं, असं आम्ही दोनदा केलं होतं. या जानेवारीत आई म्हणाली, "हर्णैतच राहूया की!" राहिलो, आणि फार बरं झालं.

कोकण रेल्वेने खेडला उतरलो, तिथून एसटीने दापोली आणि पुढे हर्णै. दापोलीपासून शेवटचा टप्पा पंधराएक किलोमीटरचा. उताराला लागलं की खाली समुद्र आणि त्यात सुवर्णदुर्ग हा जलदुर्ग दिसतो. खिडकीची जागा मिळवाच.

किल्ल्यावर सकाळी लवकर जा. किनाऱ्यावरून होड्या सुटतात. चार-सहा माणसं जमली की भाडं वाटून घेता येतं. भरती-ओहोटीची वेळ आदल्या संध्याकाळीच होडीवाल्या काकांना विचारून ठेवा. किल्ल्याला धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, म्हणून पायात पट्ट्याच्या चपला हव्यात. वर दुकान नाही, सावलीही बेताची. पिण्याचं पाणी सोबत घ्या.

महादरवाजा बुरुजांच्या आड असा दडवलाय, की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पायरीवर कासव कोरलंय आणि शेजारच्या तटावर मारुती. आत झाडी माजली आहे, पण तट अजून खणखणीत. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. 1755 साली पेशवे आणि इंग्रज एक झाले, इंग्रज आरमाराच्या कमोडोर जेम्सच्या तोफांनी आतलं दारूकोठार पेटलं आणि किल्ला कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला. आपल्याच आरमाराचा कणा मोडायला आपण परक्यांची मदत घेतली, हे त्या तटावर उभं राहून आठवलं की गलबलून येतं. जेम्सच्या पत्नीने त्याच्या स्मरणार्थ लंडनमध्ये मनोरा बांधला, त्याचं नाव 'सेव्हर्नड्रूग'. म्हणजे आपला सुवर्णदुर्गच!

दुपारी गोवागड आणि कनकदुर्ग हे किनाऱ्यावरचे छोटे किल्ले पाहून घ्या. कनकदुर्गावर दीपगृह आहे आणि तिथून खालचं बंदर छान दिसतं.

चार वाजता मात्र किनाऱ्यावर हजर राहा. खोल पाण्यात थांबलेल्या होड्यांकडे बैलगाड्या थेट लाटांत शिरतात आणि मासळी भरून आणतात. वाळूवर ढीग पडतात आणि लिलाव सुरू होतो. बोली इतकी झपाट्याने चढते, की कान तयार व्हायलाच थोडा वेळ लागतो. तो लिलाव व्यापाऱ्यांचा, मध्ये घुसू नका. घरापुरती मासळी बाजूला बसलेल्या मावशींकडे मिळते. आधी सगळीकडे फिरून भाव विचारा, कल्ले लालबुंद आहेत का ते बघा, मग घ्या. आईने सरंगा निवडला, मावशींनी तो साफ करून दिला आणि आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी रात्री तळून वाढला. बाजारात फोटो विचारूनच काढा, विकणाऱ्यांचा दिवसभराचा धंदा त्या दोन तासांत व्हायचा असतो.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हा बाजार भरत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम.

निघायच्या दिवशी आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो. तिथून सुवर्णदुर्ग पुन्हा दिसला, आदल्या दिवशी आपण तिथे फिरलो होतो हे आई वाटेत भेटेल त्याला सांगत होती.