एका वाक्याचं वकीलपत्र

फाइल जेमतेम अकरा मिनिटांची होती. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी तयार होणाऱ्या माहितीपटातला तुकडा: ४ मार्च १९९१ची संध्याकाळ, चिलेचे राष्ट्राध्यक्ष पात्रिसिओ एल्विन टीव्हीवरून देशाशी बोलताहेत. मला स्पॅनिशवरून मराठी सबटायटल्स करायची होती. दुपारी जेवणाआधी संपेल असं वाटलं होतं. एका वाक्याने रात्र केली.

आमच्या कामात निम्मा वेळ भाषांतराला जातो, निम्मा कापण्याला. दोन ओळी, वाचायला चारेक सेकंद. त्यात सॉफ्टवेअर काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजतं. 'क्षमा' हा शब्द त्याच्या लेखी पाच अक्षरांचा! रोमन लिपीची मर्यादा देवनागरीला लावू नका, हे मी तीन वर्षं सांगतेय. कुणी ऐकत नाही. तरी 'बेपत्ता' ऐवजी 'बेपत्ता केलेले' मी ठेवलंच. नुसतं बेपत्ता म्हटलं तर ती माणसं आपणहून कुठे निघून गेली असं वाटतं. त्यांना लष्करी राजवटीने उचलून नेलं होतं.

एल्विन मुळात वकील. वडील न्यायाधीश, पुढे सुप्रीम कोर्टाचे अध्यक्ष झालेले. स्वतः प्रशासकीय कायदा शिकवत, १९६५मध्ये सिनेटर झाले. १९७३मध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष आयेंदेंचं सरकार उलथवलं तेव्हा हे ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे अध्यक्ष होते आणि सुरुवातीला त्यांनी त्या उठावाचं समर्थन केलं होतं. लष्करशहा पिनोचेत सत्तेवर राहावेत का, यावरच्या १९८८च्या सार्वमतात मात्र 'नाही'च्या बाजूचे प्रवक्ते तेच. मार्च १९९०मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि पुढच्याच महिन्यात राऊल रेत्तिग या दुसऱ्या वकिलाच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन आयोग नेमला. आयोगाने लष्करी राजवटीतल्या २,२७९ बळींची नोंद केली. तो अहवाल देशासमोर ठेवतानाचं हे भाषण.

त्यात ते वाक्य येतं. शब्दशः अर्थ असा: 'म्हणून राष्ट्राध्यक्ष या नात्याने, संपूर्ण राष्ट्राचं प्रतिनिधित्व स्वतःकडे घेण्याचं आणि त्याच्या नावाने बळींच्या नातेवाइकांची क्षमा मागण्याचं धाडस मी करतो.' इथे त्यांचा आवाज भरून येतो. पण शब्द बघा, सगळे कोर्टातले. या नात्याने. प्रतिनिधित्व घेणं. गळा दाटलेला असतानाही हा माणूस आधी आपला अधिकार काय ते सांगतो, तो आपण ओढून घेतोय हे कबूल करतो, आणि मगच क्षमा मागतो.

मी बाबांना फोन लावला. साताऱ्याच्या कोर्टात त्यांनी तीस वर्षं कारकुनी केली. वाक्य ऐकवलं, तर म्हणाले, "अगं, हे वकीलपत्र घेणं झालं. पण अशिलाची सही कुठाय?"

त्यांचं बरोबर होतं. सही नव्हतीच. पिनोचेत तेव्हाही लष्करप्रमुख होते, १९९८पर्यंत राहिले. त्याच मार्चमध्ये लष्कराने अहवाल धुडकावला, नंतर सुप्रीम कोर्टानेही. म्हणूनच 'धाडस' हा शब्द तिथे आहे, आणि म्हणूनच तो मला हवा होता. 'वकीलपत्र घेतो' लिहिता येईना. मराठीत त्याला कुणाचीतरी कड घेतल्याचा वास येतो. शेवटी लिहिलं: 'संपूर्ण राष्ट्राच्या वतीने उभं राहण्याचं / धाडस मी करतो.' आणि पुढच्या सबटायटलला नातेवाइकांची क्षमा. कोर्टात वकील कुणाच्या तरी वतीने उभाच राहतो. मला फार समाधान वाटलं.

सात वाजता सबटायटल्सच्या तपासनिसाचा फोन. "मॅडम, वाचनाचा वेग मर्यादेबाहेर गेलाय, लाल दाखवतोय. 'राष्ट्राच्या वतीने मी क्षमा मागतो' करू या ना, अर्थ तोच."

"अर्थ तोच नाही. धाडस गेलं त्यातलं."

"माफी मागताना धाडस कशाला म्हणेल कुणी? विद्यार्थी गोंधळतील."

विद्यार्थी कायद्याचे होते! त्यांच्याइतकं हे वाक्य दुसरं कोण समजून घेणार? तपासनीस हुशार आहे, पण लाल रंग दिसला की तो वाक्य ऐकणं सोडून देतो. मी पुढच्या ओळीच्या वेळेतले अठरा फ्रेम उसने घेतले, आधीच्या सबटायटलमधलं 'म्हणून' उडवलं. तरी लाल. फाइल त्याच्या शब्दांत गेली.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही ओळी शेजारी शेजारी लिहून निर्मात्यांना पाठवल्या, बाबांच्या प्रश्नासकट. माझ्या संगणकावर 'धाडस' असलेली प्रत अजून उघडी आहे. 'राष्ट्राच्या वतीने' की 'राष्ट्रासाठी', यावर मी अजून घुटमळतेय. दुसऱ्याने सहा अक्षरं वाचतात, पण 'साठी' म्हटलं की तो उपकार केल्यासारखं होतं.