दातांमागची वस्ती

दुपारचे जेवण झाले की जीभ खालच्या पुढच्या दातांच्या मागे उगाच फिरते आणि तिथला खरखरीत थर तिला हमखास लागतो. लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडत असल्यामुळे कीटण धरायला ती जागा सोयीची असते. तेव्हा दोष माझ्या घासण्याचा नव्हे, असे मी परस्पर ठरवून टाकले आहे.

दातांवरचा असाच थर भिंगाखाली धरून लेव्हेनहूक या डच संशोधकाने त्यातल्या वळवळणाऱ्या जीवांचे वर्णन १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले होते. ते जीव तिथे नुसते साचलेले नसतात, त्यांचा परस्परांशी रीतसर व्यवहार चालतो. घासलेल्या दातावर लाळेतल्या प्रथिनांचा पापुद्रा काही मिनिटांतच चढतो, त्याला स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जीवाणू चिकटतात, त्यांनी टाकलेल्या लॅक्टिक आम्लावर व्हेलोनेला हे दुसरे जीवाणू पोसतात, आणि थर जाड होऊन आतला प्राणवायू सरला की ज्यांना तो सोसत नाही त्यांचीही सोय होते. फ्युसोबॅक्टेरियम नावाचा लांबट जीवाणू आधी आलेल्यांनाही धरतो आणि मागाहून येणाऱ्यांनाही. त्याच्याविषयी वाचताना मला बेळगावच्या शहापुरातले साड्यांचे जुने दुकानदार आठवतात, जे गिऱ्हाइकाचा पहिला शब्द ऐकून मराठीवरून कन्नडवर जात आणि दोघांनाही एकाच गादीवर बसवत.

मागाहून येणाऱ्यांत पॉर्फिरोमोनास जिंजिवालिस हा जीवाणू असतो. तो ट्रेपोनेमा या शेजारच्या जीवाणूला आयसोब्युटिरिक आम्ल पुरवतो आणि त्याच्याकडून सक्सिनिक आम्ल घेतो. त्याची संख्या थोडी असली तरी शरीराचे संरक्षण तो असे बिघडवतो की एरवी निरुपद्रवी असलेले शेजारीही माजतात. मग हिरडी सुजते, रक्त येते आणि त्या रक्तातले लोह पुन्हा त्याच्याच पथ्यावर पडते.

रक्तावरून आजोबा आठवले. आजोळ निपाणीचे, तंबाखूच्या पेठेचे, त्यामुळे घरात तंबाखूचे कौतुक नव्हते. ओसरीच्या खांबाला टेकून ते बिडीचा दोरा नखाने नीट सारखा करत आणि मगच ती पेटवत. "माझ्या हिरडीतनं रक्ताचा थेंब कधी आला नाही बघ," असे ते मोठ्या अभिमानाने सांगत. धुम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते आणि त्यामुळे आतला रोग झाकून राहतो, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. पन्नाशीतच ते भाकरी आमटीत कुस्करून खात, आणि आम्ही सगळे त्याला वय म्हणत होतो.